नऊ नंबरची पिल्लं

"काय बाई, नऊ नंबर आजही गप्पच?" नानांनी दारातूनच विचारलं.

बाईंनी हेडफोन काढला. "चकार शब्द नाही. पाच मिनिटं आईपासून लांब ठेवलं, तरी पठ्ठे ढिम्म!"

पिल्लं जेमतेम आठवड्याची. उंदराच्या पिल्लाचं रडणं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, म्हणून यंत्र ते आपल्याला ऐकू येईल असं करून देतं. बाकीच्या पिंजऱ्यांतली पिल्लं आईजवळून उचलली की कमीजास्त बोंब ठोकायचीच. नऊ नंबरच्या वेळी पडद्यावर एक रेघ उठेल तर शपथ!

प्रयोग होता मेंदूतल्या रिसेप्टरचा. आईची ऊब लागली की मेंदू आपला आपणच अफूसारखं काहीतरी तयार करतो. ते जिथं जाऊन बसतं, ती जागाच काही उंदरांच्या जनुकांमधून काढून टाकली होती. अशा पिल्लांना ऊबच लागू पडत नाही, मग आई असली काय नि नसली काय!

कुठल्या पिंजऱ्यात बदललेली पिल्लं आणि कुठल्यात साधी, ही यादी पशुगृह सांभाळणाऱ्या नानांच्या कपाटात कुलपात असायची. मोजणाऱ्याला आधीच कळलं तर त्याचं मोजमाप नकळत झुकतं, म्हणून प्रयोग संपेपर्यंत ती उघडायची नाही, असा नियम. बाईंनी वीस वर्षांत तो कधी मोडला नव्हता. पण मनातल्या मनात त्यांनी नऊ नंबरचा निकाल पहिल्याच दिवशी लावून टाकला होता. त्या पिल्लांकडे बघून त्यांना बरं वाटायचं. निदान यांना तरी दुखत नाही.

बाईंची लेक अकरा वर्षांची. घटस्फोटानंतर दोन वर्षं ती वडिलांकडे, दुसऱ्या शहरात होती. दर रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा, आणि बाईंचा जीव शनिवारपासूनच त्या फोनकडे लागलेला असायचा.

"जेवलीस?"

"हो."

"माझी आठवण येते का गं?"

"मी मजेत आहे."

"सुट्टीत येतेस ना इकडे?"

"नको. इथंच बरं आहे."

फोन ठेवला की बाई कपाटातला लेकीचा निळा स्वेटर काढायच्या, उलगडायच्या, पुन्हा घडी घालायच्या. आता तो तिला बसणारसुद्धा नव्हता, हे काय त्यांना कळत नव्हतं?

वकिलाचा कागद तीन महिने टेबलावर पडून होता. लेक कायमची वडिलांकडे राहील, आईची हरकत नाही, असा. धाकट्या बहिणीनं तर दम भरला होता, "ताई, सही केलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

"अगं, तिचं माझ्यावाचून काही अडत नाही," बाई म्हणाल्या. "तिचा जीव रमलाय तिकडे. मला पोर हवीय म्हणून तिला ओढत आणू? ती माझी हौस झाली."

"तिनं सांगितलं तसं?"

"दोन वर्षांत एकदा तरी रडली का ती? काही जणांना नाही लागत गं आई. असतात अशीही."

मंगळवारी बाईंनी सही केली आणि स्वतः जाऊन कागद वकिलाच्या हातात दिला. घरी येऊन त्या पोटभर रडल्या. बुधवारी कोर्टात तो दाखल झाल्याचा वकिलाचा निरोप आला.

गुरुवारी प्रयोग संपला. नानांनी चष्मा नाकावर चढवून यादी उघडली.

"नऊ नंबर बदललेली, हो ना?" बाईंनी विचारलं.

"छे हो! साधी आहेत ती. अगदी अस्सल साधी."

"असं कसं? मग रडत का नव्हती?"

नानांनी कान खाजवला. "चूक माझीच, बाई. पलीकडच्या खोलीतला पंखा बिघडला म्हणून एक दांडगा नर नऊ नंबरच्या शेजारी आणून ठेवला होता. परका नर पिल्लांना मारून टाकतो ना! त्याचा वास आला की पिल्लं भीतीनं तोंडच उघडत नाहीत. आई हवीच असते हो त्यांना."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. रविवार नव्हता, सहा वाजले नव्हते. पलीकडे लेकीच्या वडिलांनी उचलला.

"आज कसा काय फोन?"

"तिला दे. एकच मिनिट."

पावलं वाजली, एक दार करकरलं. मग फोनवर तळवा दाबल्यासारखा त्यांचा आवाज आला, "आईचा फोन आहे. थांब, आधी स्पीकर लावू दे. आणि दर रविवारसारखं, मी सांगितलंय तेवढंच बोलायचं."