सोमवारचे सण

ट्रेमध्ये बर्फाचे चौदा खडे होते. एका खड्यात वीस मिलीलीटर पाणी, म्हणजे दिवसभराचे दोनशे ऐंशी. अंगात पाणी साठू नये म्हणून बाबांना पेल्यानं पाणी द्यायचं नाही, एकेक खडा चघळायला द्यायचा, असं आईनं शुक्रवारीच ठरवलं होतं. शुक्रवारी डायलिसिस झालं. पुढचं बुधवारी. मधला सोमवार सणाच्या सुटीचा, डायलिसिस सेंटर बंद.

दुपारी अडीचला नऊ खडे संपले होते.

"आई, या नव्या कॅलेंडरवाल्यांना मानलं पाहिजे," मुलगा बॅग भरता भरता म्हणाला. "सगळे सण उचलून सोमवारी टाकले. आधी मधेच बुधवार, मधेच गुरुवार. एका दिवसासाठी नऊ तास बसमध्ये कोण बसणार? आता वर्षातून नऊ वेळा येतो की नाही बघ."

"आंधळा मागतो एक डोळा," बाबा खुर्चीतून म्हणाले. मग दम घेतला. "सरकार देतं नऊ सोमवार."

मुलगा हसला, आणि थांबला. "पण बाबा, तुमचा आजचा वार बुडाला, त्याचं काय?"

"उद्या बोलावलंय."

आईनं मान वर केली. बाबांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. ती पुन्हा शर्टांच्या घड्या घालू लागली.

सेंटरमध्ये आठ मशीन होती. मंगळवारी त्यांच्यावर मंगळवारचे पेशंट असतात. मागल्या वर्षी एकच सण सोमवारी आला होता, तेव्हा टेक्निशियननं रविवारी येऊन सगळ्यांचं उरकलं होतं. या वेळी तिनं फोन केला, तर तो म्हणाला, "काकू, एक रविवार आलो. नऊ रविवार कसा येऊ? आणि मंगळवारी काकांना घ्यायचं, तर उठवू कोणाला, तेवढं तुम्हीच सांगा."



"पुढचा सण कधी रे?" बाबांनी विचारलं. पायांवरची शाल त्यांनी सुजलेल्या घोट्यांखालपर्यंत ओढून घेतली.

"तीन आठवड्यांनी."

"मग ये."

मुलानं त्यांचा खांदा दाबला आणि तो निघाला. जिन्यातली पावलं ऐकू येईनाशी झाली, तसे इतका वेळ ताठ बसलेले बाबा पुढे वाकले आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"सांगायला काय झालं होतं त्याला?" आई म्हणाली.

"नऊ वेळा येतो म्हणाला." मधे त्यांनी दोनदा दम घेतला. "मोडता... कशाला घालायचा?"

बुधवारी सकाळचे आठ वाजायला एक्केचाळीस तास होते. नर्सनं सांगितलं होतं, मिनिटाला वीस श्वासांपर्यंत घाबरू नका. आईनं घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येऊ दिला आणि त्यांच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजलं.

चौतीस.