चहाचे तीन घोट

यान छांगगुईनं डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. काही कळलं नाही. मग इकडेतिकडे बघून त्यानं दुसरी चिमूट तापल्या कढईत टाकली. ती तडतडली, पण तपकिरी झाली नाही. म्हणजे हे मीठ, आणि शेजारच्या डब्यात साखर.

तीन महिन्यांपूर्वी ताप आला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. हे छांगगुईनं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आसपासच्या बावीस गावांत पंगत म्हटली की यान आचारी, असं चाळीस वर्षं चाललं होतं. आज तर थांगच्या नातीचं लग्न होतं.

थांग हा जुना आचारी, छांगगुईचा जन्माचा प्रतिस्पर्धी. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं रस्सा ढवळायचा डाव खाली ठेवला, पण त्याची जीभ शाबूत होती. दोन्ही अर्थांनी, असं गाव म्हणायचं.

"लग्नाच्या पंगतीचे नऊ वाडगे, नऊही पदार्थ, तूच कर," आमंत्रण द्यायला आला तेव्हा तो म्हणाला होता. "मी मुख्य मेजावर बसणार. पहिला घास माझा. मीठ चुकलं, तर तिथूनच ओरडून सांगेन हो, लेका."

छांगगुईनं मनाशी ठरवून टाकलं होतं. थांगची भुवई एकदा जरी वर चढली, तर घरी जाताना डाव नदीत टाकायचा आणि पुन्हा चुलीपाशी उभं राहायचं नाही.

आमच्या सिचुआनात पुरुष रांधतात आणि बायका नावं ठेवतात. छांगगुईची बायको शूफांग तेवढी याला अपवाद होती. तिला रांधताही येत नाही आणि नावं ठेवताही येत नाहीत, असं शेजारणी म्हणायच्या. नवरा घरी जे करील ते ती मुकाट्यानं जेवायची. पंगतीत वाडगे धुवायची, आणि कुठलाही पदार्थ चुलीवरून हलायच्या आधी नवऱ्याला चहा आणून द्यायची.

"धुरात पिऊ नकोस, म्हाताऱ्या. तिकडे बांबूखाली जा," एवढंच बोलायची.

मग छांगगुई बांबूखाली जाऊन तीन घोट घ्यायचा आणि ती एक हात एप्रनच्या खिशात घालून कढई राखत उभी राहायची. तिचे हात फार गारठतात, असा सगळ्यांचा समज होता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा हा नेम. छांगगुईला त्यात बायकोची माया दिसायची, आणि ती खोटी नव्हती.

अंगणात चाळीस गोल मेजं भरली. फटाक्यांची माळ लागली, पोरांनी कान दाबले, नवरीच्या मामानं भाषण लांबवलं आणि लोकांनी त्याला खाली बसवलं. छांगगुई सवयीच्या मापानं हात चालवत होता. डावाच्या टोकावर एवढं मीठ, बोटाच्या पेराएवढं आलं, आंबवलेली लाल चटणी तेल सुटेपर्यंत परतायची. डोळे आणि कान होते ना अजून.

कोंबडीचा रस्सा गेला. थांगनं चमचा तोंडात घातला, भुवई जागेवर. दोनदा शिजवलेलं डुकराचं मांस हिरव्या लसणीच्या पातीसकट गेलं, भुवई जागेवर. खारवलेल्या पाल्यासकट वाडग्यात वाफवलेले मांसाचे काप पालथे करून गेले. थांग शेजाऱ्याशी काहीतरी बोलला आणि हसला. छांगगुईनं मान उंचावून पाहिलं, पण ते हसणं नवऱ्या मुलाच्या टायवर होतं.

मग आला मासा. लोणच्यातल्या मिरच्यांचा रस्सा उकळत होता, तेवढ्यात कुणीतरी भाताच्या टोपल्यांचं विचारायला आलं आणि छांगगुईच्या हाताची लय मोडली. शूफांगनं चहा दिला. तो बांबूखाली गेला, तीन घोट घेऊन परतला, तोवर वाढपी मासे घेऊन निघालेही होते. आणि त्याची नजर मिठाच्या वाटीवर गेली. माशांसाठी मापून ठेवलेलं मीठ तसंच्या तसं होतं.

मासा अळणी गेला होता. हाक मारायलाही उशीर झाला होता.

थांगनं माशाचा तुकडा उचलला. चावला. त्याच्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या. छांगगुईनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा थांग वाढप्याला हाक मारून दुसऱ्यांदा भात मागत होता.

छांगगुईला रडूच फुटलं. चुलीच्या देवानं लाज राखली, दुसरं काय. त्यानं भिंतीवरच्या देवाच्या चित्राला वाकून तीनदा नमस्कार केला आणि गोड भाताचे वाडगे पालथे करायला घेतले.

दुपार कलली, पाहुणे पांगले. थांग काठी टेकत, दारूचे दोन पेले सांभाळत चुलीपाशी आला. त्याचे गाल लाल झाले होते.

"खोट काढायलाच बसलो होतो," तो म्हणाला. "सापडली नाही. चाळीस वर्षं तेच मीठ रे, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. घे."

छांगगुईनं पेला एका दमात रिकामा केला. पाण्यासारखा लागला, पण इतकी गोड दारू तो आयुष्यात प्यायला नव्हता. थांग गेल्यावर तो वाडगे धुणाऱ्या बायकोशेजारी उकिडवा बसला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि आनंद एकट्याला पेलवत नव्हता.

"तुला एक सांगायचंय. रागावू नकोस," तो म्हणाला. "तीन महिने झाले, मला कसलीच चव कळत नाही. खारट नाही, गोड नाही. आज मासा तर बिनमिठाचाच उतरवला मी. देवानंच तारलं."

शूफांगनं हात पुसले. खिशातून कापडाची एक जुनी पुरचुंडी काढली, तिच्यातलं उरलंसुरलं मीठ डब्यात झटकलं आणि झाकण लावलं.

"तीनच महिने?" ती म्हणाली. "मला वाटलं, लग्नाआधीपासून."