मैदानावरचे पट्टे

मैदान पुन्हा कापून झालं आणि पुन्हा ते तसंच दिसलं. एक पट्टा गुळगुळीत, त्याला लागून दुसऱ्यात गवताचे शेंडे उभे. न्हाव्यानं हजामत अर्ध्यावर सोडून द्यावी, तसं.

मॅनेजरसाहेब कडेला उभे होते. "रविवारी सामना आहे, महिपती. मुंबईचे पाहुणे येणार आहेत. यंत्र तुझ्या ताब्यात आहे. दोष यंत्रात असेल तर तो तुझा, एवढं लक्षात ठेव."

ते ऑफिसकडे गेले. महिपती घाम पुशीत तिथंच उभा राहिला.

तो गिरणीच्या वर्कशॉपातला फिटर. बहात्तरच्या दुष्काळात गिरणीचं हे मैदान तव्यासारखं तापून उघडं पडलं होतं. पुढचे पावसाळे बरे गेले, गवतानं जीव धरला, आणि साहेबांनी ट्रॅक्टरमागं जोडायचं कापणीयंत्र आणवलं. वर लोखंडी झाकण, खाली गरगरणारी पाती. ट्रॅक्टर चालवायचा बिरप्पा. मंगळवेढ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आधी मागखात्यात कापड विणायचा, मग ट्रॅक्टरवर आला. चाळीत त्याची आणि महिपतीची खोली भिंतीला भिंत लागून. गावाकडून जोंधळा आला की बिरप्पाची बायको मायाक्का आधी महिपतीच्या दारात सूप भरून ठेवायची, मग आपलं पोतं आत ओढायची.

महिपतीनं यंत्र पुन्हा तपासलं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही चाकांत हवा सारखी. यंत्र कुठल्याच अंगाला कललेलं नाही. सपाट फरशीवर उभं करून त्यानं पाती हातानं फिरवली, एकेकाचं टोक जमिनीपासून किती वर आहे ते काडीनं मापलं. काडी कुठंच कमी-जास्त होईना. पात्यांना धार होती, पाती फिरवणारा पट्टा ताणलेला होता. यंत्राला बोट लावायला जागा नव्हती. पण साहेबांना हे सांगून काय उपयोग? ते म्हणणार, दोष आहे, तुला सापडत नाही.

शेवटी तो गवतात उकिडवा बसला. "बिरप्पा, तू चालीव. मी बगतो."

बिरप्पानं त्याच्याकडं बघत मान हलवली आणि ट्रॅक्टर सोडला.

महिपतीचे डोळे पात्यांवर होते, पण दोष कळला तो कानांना. दाट गवत आलं की इंजिन दबायचं. आवाज खोल जायचा, पाती मंदावायची. मंद पातं गवत कापत नाही, नुसतं लोळवतं. ट्रॅक्टर पुढं गेला की ते अंग झटकून पुन्हा उभं राहतं. इंजिन असं दबलं की कुणीही ड्रायव्हर आपसूक रेस वाढवील. बिरप्पाचा हात मात्र रेसच्या दांडीवर जागचा हलत नव्हता.

महिपती उठून मागं धावला. "बिरप्पा! रेस वाढीव की!"

पाठ हलली नाही. अगदी मागं जाऊन तो पुन्हा ओरडला. तरी नाही.

महिपती जागीच थांबला. मागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. त्याचे कान केव्हाच गेले होते, आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात साहेब परत आले. "काय, सापडलं का काही?"

बिरप्पा बराच लांब ट्रॅक्टरवर बसला होता. त्यानं ट्रॅक्टर वळवून उभा केला होता, तोंड यांच्याकडं, इंजिन चालूच.

खरं तर किती सोपं होतं. रेसच्या दांडीपाशी रंगाची एक खूण करायची आणि बिरप्पाला सांगायचं, दांडी हितनं खाली आणू नको. मैदान आरशासारखं निघालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. हे महिपतीला पुढं सुचलं, आणि आयुष्यभर सुचत राहिलं. त्या घडीला मात्र त्याला दोष सापडल्याचा आनंद होता, आणि मानेवरचं ओझं खाली टाकायची घाई.

"यंत्रात काय बी न्हाय, साहेब. बिरप्पाला ऐकू येत न्हाय. इंजिन दबल्यालं त्याला कळतच न्हाय."

साहेबांनी एकवार ट्रॅक्टरकडं पाहिलं. "बहिऱ्या माणसाच्या हातात ट्रॅक्टर? उद्या कुणाच्या अंगावर घालेल. आजपासून तो नको. मी ऑफिसात सांगतो."

ते गेले. बिरप्पानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सावकाश चालत आला. महिपतीच्या समोर येऊन उभा राहिला.

"काय म्हनला सायब? घावला का दोष?"

महिपतीनं विचार केला. ऑफिसातून कळेलच त्याला. आपल्या तोंडून कशाला?

"घावला की," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "पट्टा ढिला हाय म्हनलो. उद्या बदलू."

बिरप्पा त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली, महिपतीच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटली.

"मागखात्यात कुनाचंच कान चालत न्हाईत, म्हैपती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तितं समदी व्हटांवरनंच बोलत्यात. या टोकाचं त्या टोकाला कळतं. सायबाला खरं सांगितलंस, आन मला खोटं. उलटं केलं आसतंस, तर काय बिघडलं आसतं रे?"