गार घर

नव्या स्मार्ट सिटीच्या मधोमध 'झिरो कार्बन' नमुना-घर बांधायला कंपनीनं गंजाडच्या आदिवासी पाड्यावरून बारकीला खास गाडी पाठवून आणलं. तिनं कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला आणि शेणमातीनं असा लिंपला की उद्घाटनाला आलेले सुटाबुटातले पाहुणे भिंतीला गाल लावून बघायला लागले. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत एसी नसताना गारवा! बारकीला नवलच वाटलं. भिंतीला कुणी गाल लावतं का?

"मावशी, तुमचं घरही असंच असेल ना?" कंपनीच्या मॅडमनी कौतुकानं विचारलं.

"होतं. ग्रामसेवक बोलला, कुडाचं मोडा, नायतर सरकारी पक्कं घर मंजूर नाय व्हायचं. मोडलं. आता भिंती सिमेंटच्या, वर पत्रा. दुपारी आत बसवत नाय, आंब्याखाली पडून राहते."

मॅडम हळहळल्या. मग काहीतरी सुचल्यासारखं त्यांनी पटकन वहीत टिपून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत. पुढच्या महिन्यात गंजाडला शिबिरच घेऊ. गार घर कसं बांधायचं, ते आमचे इंजिनीअर तुमच्या लोकांना शिकवतील."