उंदरांसाठी लव्हेंडर

बर्फ वितळवायचं मीठ रस्त्यांवर पडायच्या आतच, नोव्हेंबरात, माझा नवरा रेजां आपली लाल स्पोर्ट्स कार गॅरेजात ठोकळ्यांवर चढवतो. तिचे उन्हाळी टायर थंडीत तडकतात, म्हणून ते धुऊन-पुसून, पिशव्यांत घालून उबदार तळघरात रचतो. मग एप्रिलपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत माझी हरवलेली टोपी शोधायला मी गाडीचं दार उघडलं, तर आतून भसकन अत्तराचा वास आला.

"ही कोण बया?" मी रेजांला विचारलं.

"उंदीर!" रेजां हसत सुटला. "अगं ओडेत, सीटखाली लव्हेंडरच्या सुक्या फुलांच्या पुरचुंड्या आहेत. त्या वासाने उंदीर वायरी कुरतडायला येत नाहीत. अख्ख्या क्यूबेकला माहितीय, तुलाच कसं नाही?"

वाकून बघितलं. पुरचुंड्या खरंच होत्या. मला माझीच लाज वाटली. त्याच्या आवडीचं सूप करावं म्हणून बटाटे आणायला तळघरात गेले. एका टायरवरची पिशवी घसरली होती, ती सारखी करताना बोटांना पांढरा चुरा लागला.

बोट जिभेला लावून बघितलं.



खारट होतं.