चार हात लांब

सम्राट पाया पडायला वाकला, तसे कोंडीराम झटकन मागे सरकले. नुसते सरकले नाहीत, पायरी चढून ओट्यावर भिंतीला टेकले आणि हात आडवा धरला.

"तिथंच थांब."

सम्राट वाकलेलाच राहिला. चार वर्षांनी तो पुणतांब्याला घरी आला होता. वडलांना न विचारता लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. बायकोला, शुभांगीला, त्याने रस्त्यावर जीपमध्येच बसवून ठेवलं होतं. आधी आबांचा रागरंग बघू, मग तिला आत आणू, असा बेत होता. रागरंग तर दिसलाच.

"पायालासुद्धा शिवू देत नाही, तर थांबून काय करू?" तो ताठ होत म्हणाला.

आई, भागिरथीबाई, चुलीवरचा चहा टाकून धावत बाहेर आल्या. "आरं, तसं न्हाई! तुझ्या खिशात त्यो मोबाईल हाय ना, त्याला भेत्यात. मागच्या म्हैन्यात ह्यांच्या छातीत मशीन बसवलंय. ठोके चुकत हुते. मोबाईल त्या मशीनजवळ आनू नका म्हनले डाक्टर. सोताचा काढून दाखवला बी, आसा आसतो म्हनून."

"ऑपरेशन झालं? आणि मला कळवलं नाही?"

"मेलो आस्तो तर कळवलं आस्तं," कोंडीराम भिंतीजवळून म्हणाले. "जगलो. मग कशाला?"

सम्राटने डाव्या खिशाकडे पाहिलं. मोबाईलची अँटेना बाहेर डोकावत होती. गावात दुसरा मोबाईल नव्हता, म्हणून तो मुद्दाम दिसेल असा ठेवला होता. आता त्याला त्याचीच लाज वाटली.

"वीतभर लांब असला तरी चालतो, आबा. हवं तर बंद करतो."

डॉक्टरांनीही वीतभरच सांगितलं होतं. पण कोंडीरामांनी साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर काढली होती. 'लांब राहा' अशी पाटी दिसली की ते इतरांच्या दुप्पट लांब राहत, आणि म्हणूनच धडधाकट रिटायर झालो, असं ज्याला-त्याला ऐकवत. त्यांच्या लेखी वीतभर म्हणजे चार हात.

"बंद न् चालू मला काय कळतंय? भाईर ठिवून ये."

सम्राट जीपपाशी गेला. मोबाईल शुभांगीच्या हातात देत त्याने भराभरा सगळं सांगितलं.

"आत बोलावलं आबांनी?" तिने विचारलं.

"मला बोलावलंय." तिचं नाव काढायचा धीर त्याला झाला नव्हता. तिने मान हलवली.

तो परत आला, वाकला. कोंडीरामांनी त्याला खांद्यांना धरून उठवलं आणि कवेत घेतलं. डावीकडचे टाके अजून दुखत होते, म्हणून थोडं तिरकं उभं राहून घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. भागिरथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"कुनापाशी दिलास?"

"शुभांगीपाशी. जीपमध्ये बसलीय ती."

कोंडीरामांनी त्याला बाजूला केलं, पायात चपला सरकवल्या आणि रस्त्याकडे निघाले. मायलेक जागच्या जागी उभे राहिले.

सासरे येताना बघून शुभांगी घाईघाईने खाली उतरली. मोबाईल हातातच राहिला. तो कुठे लपवावा हे तिला सुचेना. तिने हात पाठीमागे नेला आणि स्वतःही दोन पावलं मागे सरकली.

कोंडीराम थांबले.

"तू नको मागं जाऊ, पोरी. लांब ठिवायचंय ते त्याला," ते म्हणाले. "त्यो सीटवर टाक, अन् तू घरात चल."