खाडीची वेळ

"रोहित पक्षी येतीलच," खाडीकाठच्या उद्यानात चांगुणाबायची नात पाहुण्यांना तिसऱ्यांदा सांगत होती. गाईड म्हणून तिचा पहिलाच दिवस. मोबाइलमधली ओहोटीची वेळ अर्ध्या तासापूर्वीच टळली, तरी चिखल पाण्याखालीच होता. लोक दुर्बिणी पिशवीत घालू लागले.

चांगुणाबायने आयुष्यभर याच चिखलातून शिंपल्या काढल्या होत्या. "पक्षी दाखवायची कसली नोकरी?" म्हणून कालपर्यंत हिणवणारीही तीच. आता मात्र पाहुण्यांच्या मागे उभ्या असलेल्या तिला राहवेना.

"तुझ्या मोबाइलने कधी चिखल तुडवलाय का गो?" ती नातीच्या कानाशी पुटपुटली. "त्यातली वेळ बंदरावरची. इथलं पाणी तासभर उशिरा उतरतं."

नातीने ठासून सांगितलं, "अजून अर्धा तास थांबा."

चिखल उघडा पडला आणि त्यावर गुलाबी थवा उतरला.

"आजी, तुम्ही इथल्याच?" कोणीतरी विचारलं.

"त्या गाईडबाईची आजी हाय मी," चांगुणाबाय मोठ्यानेच म्हणाली.